पहिलें पिलूं

दिवाळी आटोपून थंडी पडूं लागली, कीं आमच्या वऱ्हाडांतील गल्लीबोळांत, बांधकामाच्या वाळूच्या ढिगांवर आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांखालीं कुत्र्यांचीं पिलें दिसूं लागतात. भटक्या कुत्र्यांच्या विण्याचा मुख्य हंगाम हाच. मग एखाद्या संध्याकाळीं घरांतला नुकताच नोकरीस लागलेला मुलगा किंवा कॉलेजांत शिकणारी मुलगी शालींत गुंडाळलेलें पिलूं घरीं आणते, आणि घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "किती गोजिरवाणें आहे!" दुसरा विचारतो, "हें निस्तरणार कोण?" आजच्या भाषणांत मला या दोन्ही पक्षांशीं बोलावयाचें आहे, कारण पहिल्याचें प्रेम खरें असतें आणि दुसऱ्याची शंकाही रास्त असते.

अशा पिलाबद्दल शेजारीपाजारी पहिला प्रश्न करतात तो जातीचा. आई गल्लींतली, बाप कोण, तें कोणास ठाऊक नाहीं. एक कान उभा, एक पडलेला. कोणी म्हणतो लॅब्राडोरचा अंश दिसतो, कोणी म्हणतो आल्सेशियनचा. या चर्चेंत करमणूक आहे, पण उपयोग फारसा नाहीं. इंग्लंडांतील केनेल क्लब ही संस्था १८७३ सालीं निघाली, आणि ज्यांना आपण विलायती जाती म्हणतों त्यांपैकीं बहुतेकांच्या वंशावळीचीं दप्तरें त्या सुमाराचीं किंवा नंतरचीं आहेत. आपला गांवठी कुत्रा हा त्या जातींचा बिघडलेला नमुना नव्हे. माणसाच्या वस्तीच्या कडेनें, कोणी मुद्दाम जोड न लावतां, तो हजारों वर्षें वाढत आला आहे. मिश्र जातीचें पिलूं म्हणजे या जुन्या प्रवाहांत अलीकडच्या एखाद्या प्रवाहाचें पाणी मिसळलेलें.

जातीवरून स्वभाव सांगतां येतो काय, याचा शोध शास्त्रज्ञांनीं घेतला आहे. २०२२ सालीं 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकांत एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, आणि त्यांतील २,००० हून अधिक कुत्र्यांचीं जनुकें तपासून, संशोधकांनीं दाखविलें कीं, कुत्र्याकुत्र्यांच्या स्वभावांत जो फरक आढळतो त्याचा अवघा ९ टक्क्यांच्या आसपासचा भाग जातीवरून उलगडतो. आनुवंशिकता नाहींच, असा याचा अर्थ नव्हे. जातीचें नांव पुरेसें नाहीं, एवढाच अर्थ. उभा जन्म हजेरीपट वाचण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला यांत नवल वाटत नाहीं. आडनांवावरून मुलाचें भविष्य सांगणारे पुष्कळ भेटतात. वर्गांत मात्र प्रत्येक मूल निराळेंच निघतें.

म्हणून माझें मुख्य म्हणणें आरंभींच सांगतों. मिश्र जातीचें पिलूं पुढें कसें निघेल, याचा निकाल त्याच्या कुळापेक्षां घरांतील पहिल्या तीन-चार महिन्यांच्या संगोपनावर अधिक अवलंबून आहे. आणि तें संगोपन करणाऱ्या तरुणानें पिलूं उचलण्यापूर्वीं पुढल्या बारा वर्षांचा हिशेब केला पाहिजे.

हिशेब साधा आहे. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः १० ते १४ वर्षांचें. बाविसाव्या वर्षीं पिलूं आणणारा तरुण त्याचा शेवट पाहील तेव्हां पस्तिशीच्या घरांत असेल. मधल्या काळांत शिक्षण संपेल, नोकरी लागेल, बदली होईल, लग्न होईल, मूलबाळ होईल. आमच्या अमरावती-अकोल्याच्या शिकलेल्या मुलांची वाट बहुधा रेल्वेनें पुण्या-मुंबईकडे जाते. कुत्रा मात्र फलाटावरून परत फिरतो आणि उतारवयाच्या आईबापांच्या गळ्यांत पडतो. अथवा, याहून वाईट म्हणजे, गांवाबाहेर सोडला जातो. घरांत वाढलेल्या कुत्र्याला गल्लींतील कुत्र्यांशीं झुंजण्याची किंवा उकिरड्यावर पोट भरण्याची विद्या येत नाहीं. १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें, आपलें जनावर भुकेनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत सोडून देणें हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधीं लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे.

अमरावतीची माझी एक जुनी विद्यार्थिनी बँकेंत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तिनें मार्गशीर्षांत एक मादी पिलूं घरीं आणलें. रंग ज्वारीच्या दाण्यासारखा, म्हणून त्याचें नांव पडलें 'जवारी'. आईनें दारांतच विचारलें, "तू जाशील नोकरीवर, अन् याचं कोन करन, बाप्पा?" मुलीनें वाद घातला नाहीं. त्याच रात्रीं तिनें एका कागदावर लिहून काढलें: सकाळीं फिरविणें कोणाकडे, दुपारचें खाणें कोणाकडे, लशींचा व औषधांचा खर्च कोणाच्या पगारांतून, आणि बदली झाली तर कुत्री कोठें राहील. शेवटल्या प्रश्नापुढें तिनें दोन शब्द लिहिले: "माझ्याजवळ, कुठेही." वडिलांनीं तो कागद घडी घालून कपाटांत ठेवला. ज्या घरीं पिलूं येऊं घातलें आहे त्या प्रत्येक घरीं असा कागद आधीं लिहिला जावा, अशी माझी सूचना आहे.

आतां संगोपनाकडे वळूं. पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत दुधाचे दांत येऊं लागतात. भावंडांशीं खेळतांना जोरानें चावलें कीं खेळ मोडतो, हा धडा तें आईपाशींच शिकतें. म्हणून आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. आई मेलेली असेल तर तें पोरकें पिलूं नुसत्या गाईच्या दुधावर न ठेवतां तत्काळ पशुवैद्याला दाखवावें.

अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं पिलांच्या वाढीचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या ओळखीपाळखीचा काळ होय, असें त्यांना आढळलें. या काळांत ज्या माणसांशीं, प्राण्यांशीं, आवाजांशीं त्याची सुखाची ओळख होते, तीं पुढें त्याला आपलीं वाटतात. ज्यांची ओळख राहून जाते त्यांची भीति बसते. आणि श्रोतेहो, चावणाऱ्या कुत्र्यांपैकीं पुष्कळ कुत्रे दुष्ट नसतात, भ्यालेले असतात. म्हणून आठव्या ते बाराव्या आठवड्यांत पिलाला कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, ऑटोरिक्षा, काठी टेकीत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला पोस्टमन, शाळेच्या गणवेशांतलीं मुलें, हीं सर्व हळूहळू, लांबून, तोंडांत खाऊचा तुकडा देत दाखवावीं. घाबरलेल्या पिलाला बळजबरीनें पुढें ढकलूं नये.

येथें एक अडचण येते. नेमक्या याच आठवड्यांत पिलाच्या जिवावर दोन रोग टपलेले असतात. एक डिस्टेंपर, दुसरा पार्व्हो, जो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पार्व्होनें पिलूं उलट्या आणि रक्ताच्या हगवणीनें दोन-तीन दिवसांत हातचें जातें. त्याचा विषाणू मातींत महिनोन्‌महिने टिकून राहतो. तेव्हां लशी पुऱ्या होईपर्यंत पिलाला कडेवर किंवा टोपलींत घेऊन जग दाखवावें. गल्लींतील कुत्र्यांच्या वहिवाटीच्या जमिनीवर सोडूं नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत देतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हां देतात. तीच लस पुन्हां कशाला, असें लोक विचारतात. आईच्या पहिल्या दुधांतून मिळालेली प्रतिकारशक्ति पिलाच्या अंगांत असते, तोंवर ती लशीचा परिणामही निष्फळ करते. ती नेमकी कोणत्या आठवड्यांत ओसरेल हें बाहेरून कळत नाहीं, म्हणून लस अनेकदां देणें भाग पडतें. मधला एक डोस चुकविला तर सगळा खटाटोप वायां जाऊं शकतो. जंतांचें औषधही पहिल्या महिन्यांत वारंवार लागतें. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. या भागांत शिकलेला सल्ला मिळत नाहीं, अशी तक्रार करण्यास त्यामुळें जागा नाहीं.

तिसरा रोग माणसाच्याही जिवाचा आहे, तो रेबीज. त्याची लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं माणूस वांचणें जवळजवळ अशक्य. परंतु वेळेवर लस घेतली तर तो हमखास टाळतां येतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली, त्याला आतां १४० वर्षें होऊन गेलीं. पूर्वीं पोटांत घ्यावयाच्या चौदा सुयांची धास्ती घरोघर असे. ती लस केव्हांच बंद झाली असून आतांच्या सुया थोड्या आणि दंडांत घ्यावयाच्या असतात. पिलाला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यांत द्यावी आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं. रस्त्यावरून आणलेलें, लस न दिलेलें पिलूं खेळतां खेळतां चावलें व रक्त आलें, तर "लहान तर आहे" म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं भरूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठून सांगितलेल्या सर्व तारखा पाळाव्या.

खाण्याविषयीं आपल्याकडे दूध-भाकरीची रूढि आहे. आईचें दूध तुटल्यावर पुष्कळ पिलांना गाई-म्हशीचें दूध पचत नाहीं व ढाळ लागतात. ज्वारीची भाकरी वाईट नाहीं. पण वाढत्या हाडा-स्नायूंना नुसती भाकरी पुरत नाहीं. तिला उकडलेलें अंडें, शिजविलेलें मांस, किंवा तें चालत नसेल तर पशुवैद्यास विचारून तयार खाद्याची जोड द्यावी. तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, नंतर दोन वेळां, हा क्रम ठीक. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट हीं कुत्र्याला विष आहेत. तेव्हां आपल्या ताटांतलें फोडणीचें वरण किंवा प्रसादांतल्या मनुका प्रेमानें पुढें करूं नयेत. शिजविलेलीं हाडें फुटून त्यांच्या अणकुच्या आंतड्यांत रुततात. मध्यम बांध्याचें पिलूं चार महिन्यांचें असतांना जेवढें भरेल त्याच्या सुमारें दुप्पट त्याचें पुढें वजन होतें. बाप ठाऊक नसलेल्या पिलाबाबत पंजांचा आकार पाहण्यापेक्षां हा अंदाज बरा.

शिकवणुकीची किल्ली रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनीं दाखवून दिली. त्यांना १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नापूर्वीं नेमानें एखादा आवाज ऐकविला तर पुढें नुसत्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, असें त्यांनीं सिद्ध केलें. म्हणजे कुत्रें लगोलग घडणाऱ्या दोन गोष्टींची गांठ मनांत बांधतें. झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर पिलाला ठराविक जागीं न्यावें, आणि तेथें त्यानें विधि उरकतांच, एक-दोन सेकंदांच्या आंत, शाबासकी व खाऊ द्यावा. गांठ बसते. अर्ध्या तासापूर्वीं सतरंजी ओली केली म्हणून आतां मारलें, तर पिलूं सतरंजी आणि मार यांची गांठ बांधीत नाहीं. मालकाचा हात आणि मार यांची बांधतें. शाळेंतली छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंद केली. पिलाच्या शाळेंतही तिला जागा असूं नये. तें हात चावूं लागलें कीं खेळ थांबवून पाठ फिरवावी. चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दांत पडून ४२ पक्के येऊं लागतात, तेव्हां हिरड्या शिवशिवतात. चपला उंचावर ठेवाव्या व चावण्यास दुसरें कांहीं द्यावें. आणि एकटें राहण्याची संवयही पांच मिनिटांपासून वाढवीत न्यावी. सुट्टीभर मांडीवर ठेवलेलें पिलूं सुट्टी संपतांच आठ तास कोंडलें, तर तें आक्रोश करणारच.

हिवाळ्यांत आणलेलें पिलूं सहा-सात महिन्यांचें होतें न होतें तोंच वऱ्हाडचा उन्हाळा येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या पुढें जातो, हें आपणांस सांगावयास नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकून जिभेवरचें पाणी उडविणें हाच त्याचा मुख्य उपाय. म्हणून खोलींत कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेल्या दमट हवेंत धाप निरुपयोगी होते. फिरविणें पहाटे किंवा रात्रीं. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही भाजतील. धाप थांबेना, लाळ गळूं लागली, झोंक जाऊं लागला, तर अंगावर गार पाणी ओतावें, वारा घालावा आणि तसेंच डॉक्टरांकडे न्यावें.

रात्रीं कुत्र्याला अंगणांत बांधून ठेवूं नये. अमरावतीला लागूनच पोहरा-मालखेडचें जंगल आहे आणि तेथें बिबटे आहेत. कुत्रा हें बिबट्याचें सोपें भक्ष्य. उलट आपल्या कुत्र्याचा उपद्रव वन्य प्राण्यांनाही होऊं शकतो. २०१८ सालीं गीरच्या अरण्यांत सिंह दगावले, तेव्हां त्यांतील कांहींच्या शरीरांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. आपल्या जिल्ह्यांत १९७३-७४ पासून मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या काठचा प्रत्येक लस टोचलेला कुत्रा म्हणजे वाघांचेंही थोडेंसें रक्षणच. राहिली संततिनियमनाची गोष्ट. सहाव्या महिन्याच्या सुमारास पशुवैद्यांस विचारून शस्त्रक्रिया करून घ्यावी. मादी पिलें "वेत होतील" या भीतीनेंच रस्त्यावर टाकलीं जातात. एका शस्त्रक्रियेनें ती भीति कायमची जाते. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गाजला. न्यायालय आणि महानगरपालिका आपलें काम करोत. आपल्या घरांतून त्या संख्येंत भर पडणार नाहीं, एवढें तर आपल्या हातीं आहे.

त्या विद्यार्थिनीची बदली गेल्या वर्षीं अकोल्यास झाली. भाड्याचें घर पाहतांना पहिल्या चार घरमालकांनीं कुत्रीचें नांव ऐकून नकार दिला. पांचव्यानें होकार दिला, पण भाडें चढें सांगितलें. आई म्हणाली, "राहू दे तिले इथंच." त्यावर वडिलांनीं कपाटांतला कागद काढून मुलीच्या हातीं ठेवला, आणि कांहीं बोलले नाहींत. तिनें तें महाग घर घेतलें. जवारी आतां अकोल्यास आहे. दुपारीं शेजारच्या आजी तिला पाणी देतात. आई फोनवर मुलीच्या आधीं तिचीच चौकशी करते, असें ऐकतों.

अमरावतींत गाडगे महाराजांची समाधि आहे. देवापुढें होणाऱ्या पशुबळीविरुद्ध त्यांनीं आयुष्यभर कीर्तनें केलीं. मुक्या जिवांवरील दया आमच्या गांवाला कोणी नव्यानें शिकवावी असें नाहीं. परंतु कुडकुडणारें पिलूं उचलून घेण्यास एका संध्याकाळची दया पुरते. त्याला पोसण्यास बारा वर्षांचा नेम लागतो. घरांतील तरुणानें पिलूं आणलें, तर वडीलधाऱ्यांनीं एकदम "हो" किंवा "नाहीं" म्हणूं नये. एक कोरा कागद त्याच्यापुढें ठेवावा आणि त्यानें काय लिहिलें तें शांतपणें वाचावें. मग निर्णय करणें कठीण जाणार नाहीं.